आय आणि ओ सोडून

नळस्टॉपला लाल दिवा. एकशे दहा, एकशे नऊ.
पुढच्या गाडीच्या पाटीवर के आणि टी.
मागून शाल्मली माझ्या खांद्यावर बोट आपटते,
"बास्केट. मार्केट. रॉकेट. आई, तुझं?"
माझ्या डोक्यात गॅसचा नंबर,
साहेबांनी परत पाठवलेलं व्हाउचर.
"ब्लँकेट," मी म्हणते, तोवर दिवा सुटलेला.

नियम तिचे.
अक्षरं त्याच क्रमानं हवीत,
मध्ये कितीही जागा सुटली तरी चालेल.
गावांची नावं बाद.
चौदा नंबरची गाडी म्हणजे पिंपरीची,
तिची अक्षरं उलटी वाचायची. का, ते विचारायचं नाही.
हरेल त्यानं शनिवारी क्रीमरोल द्यायचा.

पहिल्या वर्षी क्रीमरोलवर जेवढे गेले
तेवढ्यात एक डिक्शनरी आली असती.
आणलीही, रद्दीवाल्याकडून,
एसच्या पुढची पानं नसलेली.
म्हणून टी, यू, व्हीमध्ये मी अजून कच्ची.

मला इंग्रजी आली पाचवीत, भोरच्या अलीकडच्या शाळेत.
खुटवड गुरुजी एकेका अक्षराची हजेरी घ्यायचे.
नाइफचं कनाइफ,
डॉटरचं डा-ऊघ-टर,
चाळीस पोरं एका सुरात.
"लिहिलंय ना? मग आवाज झालाच पाहिजे."
अजून स्पेलिंग चुकत नाही माझं.

दांडेकर पुलाशी पाण्याच्या टँकरवर जी आणि एच.
तिचं झालं, नाइट, लाइट, राइट.
माझ्या तोंडून गेलं, डाऊघटर.
हसता हसता तिचं हेल्मेट माझ्या पाठीवर आदळलं.
"आई, तिथं जी-एच गप्प असतात गं!"
"गप्प असले तरी मोजतेसच ना?"
राजाराम पुलापर्यंत ती काही बोलली नाही.
मग म्हणाली, अर्धा मार्क.

आणि तिनंच शोधून काढलं
की पाट्यांवर आय कधी येत नाही. ओ पण नाही.
एक आणि शून्य वाटतील म्हणून
आरटीओवाले वगळतात.

आय.
आमच्याकडे आईला आयच म्हणायचे.
या स्कूटरवर ती एकदाच बसली, ससूनला नेताना,
दोन्ही हातांनी माझा ड्रेस मुठीत धरून.
सिग्नलला विचारलं, "म्होरं काय लिवलंय गं?"
"नंबर आहे."
"निस्ता नंबर?"
"हो."
नव्वद सेकंद होते हातात.
तिला काय सांगणार होते, मला तरी कुठं ठाऊक होतं?
रेशनकार्डावर तिचा अंगठा आहे,
त्याच्या रेषा अजून मोजता येतात.

या जूनमध्ये शाल्मलीनं स्वतःची गाडी घेतली.
पाटीवर व्ही आणि जी.
पहिल्याच दिवशी म्हात्रे पुलाच्या सिग्नलला
ती तीन गाड्या पुढं, मी मागं, मधे एक छोटा हत्ती
आणि त्यावरच्या गाद्या.
गाद्यांच्या फटीतून पाटी दिसली
आणि मी सवयीनं सुरू झाले.
सेव्हिंग. बँकेमुळे आधी तेच.
ड्रायव्हिंग.
लिव्हिंग.
लीव्हिंग. हे मी ओठांवर येऊ दिलं नाही.
मग एकेक स्पेलिंग गुरुजींसारखं फोडून बघितलं,
व्ही आणि जीच्या मधल्या सुटलेल्या जागेत
प्रत्येक वेळी आय बसलेला.
पाटीवर नाही. शब्दात आहे.
कुणाला तरी सांगावंसं वाटलं,
शेजारचा रिक्षावाला तंबाखू मळत होता.

बारा, अकरा, दहा.
पुढं शाल्मलीनं हेल्मेटची काच वर केली,
मान वळवून, गाद्यांवरून, अख्ख्या पुलाला ऐकू जाईल असं
ओरडली,
"व्हेज!"

दिवा सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले.
शनिवारचा क्रीमरोल माझ्याकडे लागला.